ताटाचा हिशेब

गडमुडशिंगीतले एक घर धरा. कणगीत जोंधळा आहे. गोठ्यात म्हैस आहे. या घराला पोटाची काळजी नाही, असे आपण म्हणतो. पण ताट काय सांगते?

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाची ताट मोजायची एक रीत आहे. गेल्या सात दिवसांत कोणता जिन्नस किती दिवस खाल्ला, ते स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारायचे. मग दर दिवसाला गुण द्यायचे. धान्याला २, डाळ-कडधान्याला ३, भाजीला १, फळाला १, दुधाला ४, अंडी-मांस-मासळीला मिळून ४. तेलाला अर्धा, साखर-गुळाला अर्धा.

आता आपले घर मोजू. भाकरी ७ दिवस, गुण १४. डाळीची आमटी २ दिवस, गुण ६. भाजी ३ दिवस, गुण ३. तेल आणि साखर रोज, गुण ७. बेरीज ३०.

जिथे तेल-साखर रोज खातात, तिथे २८ पर्यंत हलाखी, ४२ पर्यंत काठावर, त्यापुढे ठीक. म्हणजे हे घर काठावर आहे!

आणि म्हैस? दूध सगळे डेअरीला घालतात. चहातले दूध या हिशेबात धरत नाहीत. दुधाचा पैसा लागतो, हे खरे. पण रोज थोडे दूध घरात प्यायला ठेवले, तर २८ गुण वाढतात. बेरीज ५८ होते.

एक ध्यानात ठेवा. हा आकडा साऱ्या घराचा आहे. मागाहून जेवणाऱ्या बाईच्या वाटीत दूध पडले का, ते तो सांगत नाही. ते आपणच बघायचे.

आज रात्री आपल्या घराचा हिशेब पाटीवर मांडा.