‘असं का?’ असे मूल विचारते तेव्हा



मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तीन-चार वर्षांचे मूल मोठ्याने विचारते, “आई, ते काका असे का चालतात?” आई कावरीबावरी होते, मुलाचा हात दाबते आणि म्हणते, “श्श! असं विचारायचं नसतं.” आईचा हेतू चांगलाच असतो. पण मूल काय शिकते? त्याने फक्त एक वेगळेपण पाहिले होते. आता त्याला कळले की ही काहीतरी लाजेची, न बोलायची गोष्ट आहे. पुढच्या वेळी ते विचारणार नाही. लांबून टक लावून बघेल, नाहीतर हसेल.

संत योहानच्या शुभवर्तमानात (अध्याय 9) जन्मांध माणसाला पाहून शिष्यही प्रश्न विचारतात, पण तो लहान मुलासारखा निर्मळ नाही. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? कोणाचेच नाही, असे प्रभू येशू स्वच्छ सांगतो. तरीही अपंग मुलाच्या आईला “ग्रहण पाळलं नव्हतं का?” असे आजही ऐकावे लागते, आणि विचारणाऱ्यांत आपली ख्रिस्ती माणसे नसतात असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आपल्या कोल्हापुरातच याबाबत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नसीमा हुरजूक यांचे कमरेखालचे शरीर ऐन तरुण वयात लुळे पडले. त्यांना उभारी मिळाली ती बाबूकाका दिवाण यांच्या भेटीतून, आणि बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीवरचे होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नुसत्या उपदेशाने जो धीर येत नाही, तो आपल्यासारखाच कोणी ताठ मानेने जगताना दिसला की येतो. पुढे 1984 साली नसीमाताईंनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. आत्मचरित्र लिहिले तेव्हा खुर्ची लपवली नाही. पुस्तकाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ ठेवले. संस्थेच्या उचगावच्या शाळेत अपंग मुलांबरोबर इतर मुलेही शिकतात. एका बाकावर बसले की ‘असं का?’ हा प्रश्न चार दिवसांत जुना होतो. मग डब्यात काय आणलेस, हे जास्त महत्त्वाचे ठरते.

शेजारी बसण्याची किंमत या गावाने पूर्वीही ओळखली होती. राजर्षी शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा कितीही चांगली चालवा, तिच्या भिंतीच मुलाला सांगत राहतात की तू निराळा.

काही पालक म्हणतात, “फादर, आम्ही मुलांना सांगतो, सगळे सारखेच असतात.” पण मुलाला डोळे आहेत! सगळे सारखे नाहीत हे त्याला दिसते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनसचा एक विचार वाचला होता: देवाचा चांगुलपणा एकाच निर्मितीत मावणारा नाही, म्हणून त्याने नाना तऱ्हेची सृष्टी केली, एकात जे उणे, ते दुसऱ्यात दिसते. म्हणजे वेगळेपण ही देवाच्या हातून झालेली चूक नव्हे. मुलांना अक्वायनस सांगायची गरज नाही, पण आपल्या मनात एवढे पक्के असावे.

कारण आपण शेजाऱ्यांबद्दल जे बोलतो ते मूल ऐकते आणि स्वतःला लावून पाहते. “काळी आहे, पण नाकीडोळी नीटस.” त्या ‘पण’मध्ये घरातल्या सावळ्या मुलीला तिची किंमत कळते. जाड्या, बुटक्या, चष्मिस ही नावेही आपण लाडाने ठेवतो. ज्याला हाक मारतो त्याला विचारा एकदा, लाड वाटतो का ते! डावखुऱ्या मुलाच्या हातून पेन्सिल काढून उजव्या हातात देणारे आजोबा तर कित्येक घरांत असतात.

मग पायऱ्यांवरच्या त्या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? सरळ द्यावे. “काकांच्या पायात ताकद कमी आहे, म्हणून ते काठी घेऊन चालतात. चल, त्यांना नमस्कार करू.” तीन वर्षांच्या मुलाला एवढे पुरते. जरा मोठ्या मुलांना आणखी एक सांगावे. कोणाची चाकाची खुर्ची न विचारता ढकलू नये, कारण ती खुर्ची म्हणजे त्या माणसाचे पायच. आधी विचारावे, “मदत करू का?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. “नको” म्हणाले तर नको.