तुकड्यांनी येणारे उत्तर आणि त्याची चाचणी

शेताचा उतारा असो वा शाळेचा निकाल, आज पुष्कळशी माहिती संगणकाच्या पडद्यावर मागविली जाते. दुसऱ्या संगणकाकडून येणारे उत्तर मात्र नेहमीच एकसंध येत नाही. ते प्रवाहाने, लहानमोठ्या तुकड्यांनी येते आणि तुकडा कोठे तुटेल हे आधी सांगता येत नाही. असे उत्तर वाचणाऱ्या जावास्क्रिप्ट आज्ञावलीची चाचणी कशी घ्यावी, हे येथे पाहू.

चाचणीसाठी खऱ्या नेटवर्कवर विसंबणे इष्ट नसते. ते बंद पडल्यास निर्दोष आज्ञावलीही नापास ठरते. म्हणून ‘फेच’ या आज्ञेच्या जागी बनावट उत्तर देण्याची योजना करतात. पुष्कळदा चूक होते ती येथेच. बनावट उत्तर एकाच सबंध तुकड्यात दिले जाते, चाचणी उत्तीर्ण होते आणि दोष प्रत्यक्ष वापरात उघडकीस येतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. काना व मात्रा हीही स्वतंत्र चिन्हेच होत. ‘गोवा’ या शब्दात अशी ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट आहेत. पहिला तुकडा ४ बाइटांचा आल्यास ‘गो’मधील ओकार मधोमध तुटतो. प्रत्येक तुकडा सुटा वाचणारी आज्ञावली ओकाराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या चौकटी उमटविते. साध्या इंग्रजी अक्षरास १ बाइट पुरत असल्याने इंग्रजी नमुन्यावर हा दोष दिसत नाही.

यासाठी पुढील रीत उपयुक्त ठरते :

१) ‘टेक्स्टएन्कोडर’ने शब्दाचे बाइट काढून त्यांचे ४ व ८ असे मुद्दाम दोन भाग करावेत.

२) ‘रीडेबलस्ट्रीम’मध्ये ते भाग ‘एन्क्यू’ने क्रमाने सोडून ‘क्लोज’ने प्रवाह बंद करावा. हा प्रवाह ‘रिस्पॉन्स’मध्ये घालून फेचचे उत्तर म्हणून द्यावा.

३) उत्तर एकदाच वाचता येते. म्हणून प्रत्येक चाचणीस नवे उत्तर तयार करावे.

४) दुसऱ्या चाचणीत ‘एरर’ने प्रवाह मध्येच तोडावा आणि अर्धवट माहिती पूर्ण म्हणून दाखविली जात नाही, याची खात्री करावी.

दोष आढळल्यास उपाय सोपा आहे. सर्व तुकड्यांसाठी एकच ‘टेक्स्टडिकोडर’ ठेवून ‘स्ट्रीम’ हा पर्याय चालू करावा. मग अपुरे बाइट पुढील तुकड्यासाठी राखून ठेवले जातात.

एका मात्रेने माणसाचे नाव बदलते. ती मात्रा तुटू शकते हे गृहीत धरूनच चाचणी रचली पाहिजे.