वायसर घातला, तरी डार्ट वाकडा का?

प्रश्न : माझ्याकडे फोमचे डार्ट उडवणारी खेळण्यातली बंदूक आहे. मी स्प्रिंगच्या मागे एक सेंटिमीटर जाडीचा वायसर घातला. डार्ट जोरात सुटतो, पण वाकडातिकडा जातो. सांगलीच्या मावसभावाने जाड तारेची स्प्रिंग बसवली, तर त्याच्या बंदुकीचा खटकाच लागत नाही. आमचं काय चुकलं? (इयत्ता नववी, सातारा)

उत्तर : स्प्रिंग डार्टला शिवतही नाही. ती दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा डार्टला नळीबाहेर काढते. आता वायसरचा हिशेब. समज, दट्ट्या पुढे असतानाच स्प्रिंग २ सेंटिमीटर दबलेली होती आणि तू तो आणखी ५ सेंटिमीटर मागे ओढतोस. ऊर्जा दाबाच्या वर्गाने वाढते : ७ चा वर्ग ४९, त्यातून २ चा वर्ग ४ वजा, उरले ४५. वायसर घातल्यावर ८ चा वर्ग वजा ३ चा वर्ग, म्हणजे ५५. ऊर्जा २२ टक्के वाढली. वेग मात्र ऊर्जेच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून तो फार तर ११ टक्के. त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे कमावलेला वेग लवकर सरतो.

भावाचा घोटाळा सोपा आहे. तारेची जाडी गुणिले वेढ्यांची संख्या, इतकी लांबी कितीही दाबलं तरी उरतेच. वेढ्याला वेढा टेकला की स्प्रिंग संपली, ती लोखंडाची नळी झाली. दट्ट्या खटक्याच्या खाचेपर्यंत पोचणार कसा? त्याला सांग, जोर लावू नकोस. मोडेल ती प्लॅस्टिकची खाच.

डार्ट वाकडा का जातो, हे समजायला तुला गावाबाहेर जायची गरज नाही. साताऱ्याच्या अदिती स्वामीने ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुर्विद्येचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. अंतिम फेरीत १४९ विरुद्ध १४७. त्याच दिवशी पुरुषांत जिंकलेला नागपूरचा ओजस देवतळेही साताऱ्याच्याच अकादमीत, प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे घडला. मला या दोघांचं फार कौतुक वाटतं, आणि तुझं उत्तरही त्यांच्याच धनुष्यात आहे. कंपाउंड धनुष्याच्या पात्यांचे बोल्ट आवळले की ओढ वाढते. तुझा वायसर हेच करतो. पण ओढ वाढवली की बाणही तितका ताठ घ्यावा लागतो, नाहीतर तो सुटताना वळवळतो. ओढीला नियमानेच ६० पौंडांची मर्यादा आहे. ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. ते जोराने सापडत नाही. तुझा फोमचा डार्ट मूळ स्प्रिंगसाठी केलेला आहे, जास्त जोर बसला की त्याची मऊ शेपूट फडफडते.

धनुर्धर आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळतात : बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही. बाणाला मिळायची ऊर्जा मग धनुष्यालाच तडे देते. तुमच्या बंदुकीतही डार्ट नसेल तर दट्ट्या सरळ नळीच्या मागच्या तोंडावर आदळतो. रिकामा चाप ओढू नका.

खरं तर वायसरच्या आधी दट्ट्यावरची रबरी कडी, म्हणजे ओरिंग, बघायला हवी होती. सायकलच्या पंपातलं चामडं वाळलं की कितीही दाबा, चाकात हवा जात नाही. तसंच इथे. डार्ट काढ, नळीचं तोंड बोटाने बंद कर आणि दट्ट्या हाताने धरून हळूहळू पुढे सोड. तो मध्येच अडून राहिला तर ओरिंग हवा धरते आहे. सरसर पुढे गेला तर गळती आहे. ओरिंगला सिलिकॉनचं ग्रीस लाव. गाडीचं ग्रीस रबर फुगवू शकतं.

आता डोळे. कारखान्यातल्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण ती तपासणी मूळ स्प्रिंगची असते. तुमच्या वायसरची तपासणी कुणी केलेली नाही. दोघांनीही चष्मे घाला, माणसावर किंवा जनावरावर नेम धरू नका.

मग गच्चीवर हा प्रयोग करा. बंदूक बरोबर १ मीटर उंचीवर आडवी धरायची. तिथून डार्टला खाली यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. तो पडला ते अंतर भागिले ०.४५, की सरासरी वेग आला. दहा वेळा वायसरसकट, दहा वेळा वायसर काढून. डार्ट पडेल तिथे खडूने खूण करा आणि दोन्ही आकडे मला कळवा.