पाच वॅटवर कॉन्टेस्ट : सुरुवात कशी करायची?

हॅम रेडिओ हे नाव आपण ऐकतो ते बहुतेक किल्लारीच्या (१९९३) नाहीतर भूजच्या (२००१) भूकंपाच्या आठवणींत. पण याच छंदात स्पर्धाही असतात. सगळ्यात मोठी ‘सीक्यू वर्ल्डवाइड’. बोलण्याची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या वीकएंडला आणि मोर्सची नोव्हेंबरच्या. म्हणजे बरोबर आपल्या सबमिशनच्या तोंडावर! वेळ ४८ तास, आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे ५.३० पासून.

मित्रांनो, ‘आपल्याकडे कुठे एवढा पॉवरफुल सेट?’ असं म्हणून सोडून देऊ नका. या स्पर्धेत ५ वॅटपर्यंतच्या स्टेशनांचा वेगळा गट असतो. थोडं गणित करू. १०० वॅट आणि ५ वॅट यांत फरक १३ डेसिबल. मीटरवरचा एक ‘एस’ ६ डेसिबलचा, म्हणजे आपण जेमतेम दोन घरं खाली. समोरच्याला ९ दिसणारा सिग्नल ७ च्या आसपास दिसेल, एवढंच.

सेट घरी बनवता येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी डिझाइन केलेला ‘बिटएक्स’ साध्या, सहज मिळणाऱ्या पार्ट्सवर चालतो. त्यात कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा वॉशर वापरला होता! बाकीचे पार्ट्स लॅमिंग्टन रोडला मिळतात. मात्र परवान्याशिवाय ट्रान्समिट करायचं नाही. परीक्षा द्या, आणि आपल्या परवान्यात कोणते बँड बसतात तेही बघा.

खरा पैसा (आणि डोकं) अँटेनात घाला. २० मीटर बँडच्या डायपोलला १४३ भागिले १४.२, म्हणजे साधारण १० मीटर वायर लागते, मध्ये कापून दोन्हीकडे पाच-पाच. तीन मजली टेरेसची उंची मस्त, पण विजेच्या तारांपासून लांब. (रेक्टर सरांची परवानगी आधी!) मी अंबाडीला घरी वायर ईशान्य-नैऋत्य बांधलीय, कारण डायपोल आडव्या बाजूला जास्त फेकतो आणि युरोप आपल्या वायव्येला. जपान मात्र वायरच्या टोकाकडे येतो, तिकडे कमी जातं. भिवंडीत लूमच्या मोटरी आणि स्वस्त एलईडी दिव्यांच्या खरखरीत बारीक सिग्नल बुडतात. अंबाडीत लाइट गेली की बँड एकदम शांत. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतोच.

आता खेळायचं कसं? आपण ‘सीक्यू, सीक्यू’ ओरडत बसायचं नाही. ऐकत फिरायचं, जोरात येणारं स्टेशन शोधायचं, त्याचा कॉल नीट लिहायचा आणि त्याचं बोलणं संपलं की आपला पूर्ण कॉल एकदाच द्यायचा. फार गर्दी असेल तर फ्रिक्वेन्सी लिहून पुढे जा, तासाभराने परत या. रविवारी संध्याकाळी मोठ्या स्टेशनांना नवीन माणसं मिळेनाशी होतात, तेव्हा ती आपला बारीक आवाजसुद्धा कान देऊन ऐकतात. शिवाय भारत झोन २२ मध्ये. झोन आणि देश मिळून गुणांचा गुणक ठरतो, त्यामुळे ‘व्हीयू’ कॉल त्यांनाही हवाच असतो. ‘फाइव्ह नाइन, टू टू’ एवढं सांगितलं की झालं.

दुसऱ्या खंडाशी ३ गुण. आपल्याच देशात शून्य, पण गुणकासाठी तो संपर्क धरतात. कानाला सवय हवी असेल तर नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर नेटवरून ऐकता येतो. मागच्या बाकावरच्या मंडळींनी लॅबमध्ये हेडफोन लावून ऐकावा.

लॉगमध्ये वेळ यूटीसीत लिहा, आणि स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत पाठवा. कॉल चुकीचा लिहिला असेल तर तो संपर्क जातोच, वर गुणही कापतात.