उंचीवरील काम आणि सुरक्षा-पट्टा

नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींतील शेड, गाळप हंगामानंतर साखर कारखान्यांत निघणारी दुरुस्ती, रस्त्यांवरील दिवे अशा अनेक कामांसाठी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कामगारांना उंचीवर जावे लागते. त्यासाठी शिडीऐवजी आता बूम लिफ्टही वापरली जाते. लिफ्टच्या पिंजऱ्याला कठडा असल्याने पट्ट्याची गरज नाही, असा समज आढळतो. तो दूर करणे, हाच या पाठाचा हेतू आहे.

पिंजरा लांब दांड्याच्या टोकाशी असतो. खाली चाक लहानशा खड्ड्यात गेले, तरी वर मोठा हिसका बसतो आणि आतील माणूस गोफणीतील दगडासारखा बाहेर फेकला जातो. 5 मीटर उंचीवरून पडणारा माणूस सुमारे 1 सेकंदात, ताशी 36 किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. सावरण्यास अवधीच उरत नाही.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. केवळ कमरेचा पट्टा वापरू नये; त्याचा झटका पोटावर व मणक्यावर येतो. खांदे, छाती व मांड्या यांना धरणारा पूर्ण हार्नेस वापरावा.

2. दोर आखूड ठेवून पिंजऱ्यातील नेमून दिलेल्या कडीलाच अडकवावा. शेजारच्या खांबाला बांधल्यास, पिंजरा हलताच तोच दोर माणसाला बाहेर ओढतो.

3. कठड्यावर चढू नये. जेसीबीच्या बकेटमध्ये उभे राहून काम करू नये. ते माती उचलण्याचे साधन आहे.

4. पिंजरा खालून उतरवू शकणारा जाणकार जमिनीवर हजर असावा. दोराला लटकलेल्या माणसाच्या पायांतील रक्त हृदयाकडे परतणे मंदावते व त्याची शुद्ध हरपू शकते. त्याला विनाविलंब खाली घ्यावे.

5. पडलेल्या व्यक्तीस उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. मान व पाठ न हलवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 32 नेच उंचीवरील कामगाराच्या संरक्षणाची तरतूद करण्यास सांगितले होते. पट्टा पुरविणे हे मालकाचे कर्तव्य, तर तो अडकविणे हे कामगाराचे.

मोडलेले हाड आम्ही जुळवू शकतो. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय वैद्यकशास्त्राजवळ अद्याप नाही. तो तुटू न देणे मात्र एका कडीने साधते.