चालू आहे, पण सज्ज आहे काय?
(जाळ्यातील संगणक-सेवांच्या तपासणीविषयी)

आपल्या सभासदांपैकी आज क्वचितच कोणी असा असेल, की ज्याचे बँकेचे, रेल्वेच्या तिकिटाचे किंवा मुलांच्या शिष्यवृत्तीचे काम संगणकाच्या जाळ्यावाचून पार पडते. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी पडद्यावरील चक्र नुसते फिरत राहिले, तर सुखवस्तू माणसाचा वेळ जातो. गरीब विद्यार्थ्याचे मात्र वर्ष जाते. म्हणून अशा सेवा लोकांसाठी उघडण्यापूर्वी त्यांची सज्जता कशी पाहतात, हे सामान्य नागरिकानेही जाणून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच.

१. दोन शब्दांतील भेद

शिक्षक वर्गात येऊन बसले म्हणजे ते हजर आहेत. पण हजेरीपट, पुस्तक आणि खडू हाती आल्यावाचून पाठ सुरू होत नाही. संगणकाचेही असेच आहे. यंत्र सुरू झाले, दिवे लागले, तरी माहितीच्या कोठाराशी त्याचा संबंध जुळला नसेल, तर आलेल्या माणसाला ते रिकाम्या हातीच परत पाठविणार.

गूगल कंपनीने २०१४ साली लोकांपुढे आणलेल्या ‘कुबर्नेटिस’ या व्यवस्थेत हा भेद फार स्पष्ट केलेला आहे. तीत प्रत्येक सेवेला दोन निराळे प्रश्न विचारता येतात. पहिला, “तू जिवंत आहेस काय?” दुसरा, “तू काम घेण्यास तयार आहेस काय?” वेगळे काही सांगितले नसेल, तर हे प्रश्न दर १० सेकंदांनी विचारले जातात आणि लागोपाठ ३ वेळा योग्य उत्तर आले नाही, तरच सेवा नापास ठरते. पहिल्या प्रश्नात नापास झालेली सेवा बंद करून पुन्हा सुरू केली जाते. दुसऱ्यात नापास झालेलीला कोणी बंद करीत नाही. ती तयार होईपर्यंत तिच्याकडे नवे काम धाडत नाहीत, इतकेच. आजारी मुलाला शाळेतून काढून टाकणे आणि बरे वाटेपर्यंत बाकावर बसवून ठेवणे, यांत जे अंतर आहे तेच येथे आहे.

२. गर्दीची परीक्षा

अमेरिकेच्या केंद्र सरकारने नागरिकांना आरोग्य-विमा घेता यावा म्हणून ‘हेल्थकेअर.गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडले. लाखो लोक आले. पहिल्या दिवशी नोंदणी शेवटास गेली ती अवघ्या ६ जणांची.

असे का व्हावे? हे काम अनेक कंत्राटदारांनी मिळून केले होते. ज्याने त्याने आपापला भाग तपासला होता. परंतु सगळे भाग जोडून, आरंभापासून अखेरपर्यंत, एखादा नागरिक जसा जाईल तशी परीक्षा केवळ अखेरच्या दोन आठवड्यांत घेतली गेली. कंत्राटदारांनीच त्याच महिन्यात तेथील संसदेच्या समितीपुढे हे सांगितले. शिवाय विम्याच्या योजना नुसत्या पाहावयाच्या, तरी आधी खाते उघडणे भाग होते. त्यामुळे सारी गर्दी एकाच दारात कोंडली. पुढे दोन महिने रात्रंदिवस दुरुस्ती चालली, तेव्हा कोठे डिसेंबरच्या आरंभी एकाच वेळी ५०,००० लोकांचे काम पेलण्याइतके बळ त्यात आल्याचे सरकारने जाहीर केले.

बोध असा, की एकेक विषयात उत्तीर्ण होणे वेगळे आणि सर्व विषयांची एकत्र परीक्षा वेगळी. तीही रिकाम्या दालनात नव्हे, भर गर्दीत घ्यावी लागते.

३. प्रत आहे; पण ती उघडते काय?

संगणकातील माहितीची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवावी हे आता सर्वांस ठाऊक आहे. ‘गिटलॅब’ या कंपनीलाही ते ठाऊक होते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एका कर्मचाऱ्याने दुय्यम यंत्रावरील माहिती पुसण्याच्या समजुतीने मुख्य यंत्रावरीलच पुसली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरली.

आता दुसऱ्या प्रतींचा शोध सुरू झाला. नेहमीच्या प्रती जेथे असावयाच्या, ती जागा रिकामी निघाली. प्रत काढणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती जुनी होती, कोठाराची नवी. त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तसे कळविणारी पत्रेही यंत्र पाठवीत होते. पण ती टपाल-व्यवस्थेने नाकारल्यामुळे कोणाच्या हाती पडली नव्हती! सुदैवाने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर निभावले. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. कंपनीने हा सारा वृत्तान्त जगापुढे उघड मांडला, हे तिला भूषणावह आहे.

विहीर खणून ठेवली, पण दोर पाण्यापर्यंत पोहोचतो की नाही हे आग लागल्यावर पाहिले, तर काय उपयोग? प्रत परत उघडून पाहिली नसेल, तर ती आहे असे मानू नये.

४. तपासनीसाचीही तपासणी

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. चुकीची आज्ञा अडविण्यासाठी एक तपासनीस आज्ञावली नेमलेली होती. तिच्यातच दोष असल्याने तिने ती अडविली नाही. याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. सेवेचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांना असा नियम घालून दिला होता, की केंद्राशी संबंध तुटला तर आपणच बिघडलो असे समजून बाजूस व्हावे. एखादे यंत्र बिघडले असते, तर नियम उत्तम होता. पण सर्वच यंत्रे एकदम बाजूस झाली आणि पत्ता सांगणारे कोणीच उरले नाही. नियम करताना ‘एक गेला तर’ इतकेच नव्हे, ‘सगळे गेले तर’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

५. आपल्यापुरते

या मोठ्या गोष्टींचा आपल्या लहान संस्थेशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु कोणत्याही संस्थेने देणग्यांचा हिशेब किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर घ्यावयाचे ठरविले, की हेच प्रश्न उभे राहतात. काम करून देणाऱ्यास पुढील पाच गोष्टी अवश्य विचाराव्यात:

(१) एका सामान्य मुलाकडून, साध्या मोबाइलवर, अर्ज पहिल्या ओळीपासून पोचपावतीपर्यंत भरून पाहिला काय?
(२) अखेरच्या दिवसाची गर्दी गृहीत धरून चाचणी घेतली काय?
(३) दुसरी प्रत उघडून पाहिली काय, आणि कोणत्या तारखेस?
(४) नवा बदल अंगावर आला, तर जुन्या व्यवस्थेवर परतण्याची वाट ठेवली आहे काय?
(५) रात्री बिघाड झाला, तर तो कोणाला कळेल आणि तो माणूस कोण?

उत्तरे तोंडी न घेता लिहून घ्यावीत व अर्ज उघडण्यापूर्वी वाचून पाहावीत. यास फार खर्च येत नाही. चिकाटी मात्र लागते. विद्यार्थ्याने परीक्षेला तयारीनिशी यावे असे आपण त्याला नित्य सांगतो. ज्या दारातून त्याने आत यावयाचे, ते दारही त्याच्यासाठी तयार असावे, ही अपेक्षा त्याने आपल्याकडून केली तर ती रास्तच होय.