‘साहेब, सहाच महिने वापरलीय’

जुनी हार्ड डिस्क विकण्यात काहीच गैर नाही. तिचं वय लपवून विकणं ही फसवणूक आहे, आणि तिला मी दुसरं नाव देणार नाही.

लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणाऱ्याला जागा कधी पुरत नाही. म्हणून पुण्यात तापकीर गल्लीतून दोन टीबीची वापरलेली डिस्क घेतली. किती वापरलीय, हे मी स्पष्ट विचारलं होतं. ‘‘साहेब, ऑफिसच्या पीसीतली आहे, सहाच महिने वापरलीय.’’ जोडून दाखवा म्हटलं, तर म्हणे टेबल मोकळं नाही. त्याऐवजी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरची विंडो, त्यात निळा चौकोन आणि ‘गुड’. फोटोची उजवी बाजू मात्र कापलेली.

पहिल्याच मोठ्या कामाला फाइल कॉपी होता होता अडकायला लागल्या. मग तेच सॉफ्टवेअर मी माझ्या मशीनवर चालवलं आणि कापलेल्या बाजूला काय असतं ते दिसलं. ‘पॉवर ऑन अवर्स’ : ४१,३००. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे डिस्क जवळजवळ पावणेपाच वर्षं फिरलेली. त्याच्याच वरच्या ओळीत, डिस्क किती वेळा सुरू झाली तो आकडा होता ६८. मला खरी चीड आली ती इथे. ऑफिसचा पीसी रोज सकाळी सुरू होतो, संध्याकाळी बंद होतो. एवढ्या तासांत तो हजारांच्या घरात सुरू-बंद व्हायला हवा. ६८ वेळाच सुरू झालेली डिस्क म्हणजे रात्रंदिवस चालणारं यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर नाहीतर सर्व्हर. सहा महिनेही खोटे आणि ऑफिसचा पीसीही खोटा.

परत गेलो तर आधी म्हणाला, सॉफ्टवेअर काहीही दाखवतं. मग म्हणाला, ‘गुड’ आहे ना, तास बघून कोण घेतं? शेवटी इतर गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवून, ‘‘बिलावर सिरियल नंबर कुठाय? ही डिस्क आमचीच कशावरून?’’ कच्चं बिल त्यानेच, स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. एक महिन्याची ‘टेस्टिंग वॉरंटी’ही त्यानेच लिहिली होती. पैसे मिळाले नाहीत.

तर जुनी डिस्क घेणाऱ्यांनो, पहिली गोष्ट ही की ‘गुड’ या शब्दावर जाऊ नका. साध्या हार्ड डिस्कच्या बाबतीत त्याचा वयाशी संबंध नसतो. पन्नास हजार तास झालेली डिस्कही ‘गुड’ दाखवते. डिस्क समोर जोडायला लावा, फोटो चालवून घेऊ नका. विंडोतला सिरियल नंबर लेबलवरच्या नंबराशी ताडा; फुल्यांनी झाकलेला असेल तर उघडून दाखवायला सांगा. लेबलवर बनवल्याची तारीख असेल तर तीही वाचा.

विंडोच्या खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयात असलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. तिन्हींचे कच्चे आकडे शून्यच हवेत. माझ्या डिस्कवर सी५ शून्य नव्हता, कॉपी अडकत होती ती त्यामुळेच. हे आकडे बहुधा हेक्समध्ये असतात, सेटिंगमध्ये दशमान करून घ्या. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर अवाढव्य आकडे दिसतात, त्याला घाबरू नका. सी७ वाढलेला असेल तर आधी केबल बदलून बघा. काही यूएसबी डब्यांतून ही माहिती येतच नाही, तेव्हा डिस्क सरळ साटा केबलला लावा.

तासांचा आकडा शून्य करणारेही आहेत. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हाइझ या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटने हे उघडकीला आणलं. सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क, तास पुसून, नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्कच्या आतल्या ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदीत मात्र पंधरा ते पन्नास हजार तास निघाले. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने ही नोंद वाचता येते. दोन आकड्यांत तफावत दिसली की उठून चालू लागा.

घरी आणल्यावर तिच्यावर लगेच काम टाकू नका. आधी पूर्ण डिस्क वाचणारी लांब टेस्ट लावा. दोन टीबीला कित्येक तास लागतात, लागू द्या. टकटक आवाज आला तर तिथेच थांबा. बॅकअप ठेवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

आणि बिल. पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर आणि दुकानदाराने सांगितलेले तास, दोन्ही लिहून घ्या. तो लिहायला तयार नसेल तर त्याला खरे तास ठाऊक आहेत असं समजा. असं बिल हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करताना दाखवायला काहीतरी असतं. माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठी होती.

ज्यांनी अशी डिस्क आधीच घेतली आहे आणि तिच्यावर घरचे फोटो ठेवले आहेत, त्यांनी आज रात्रीच तिचे तास आणि सी५ ची ओळ बघून घ्यावी.